लेकीला दीक्षा समजावताना

शिवलीलाच्या लिंगदीक्षेचा दिवस ठरला आणि मी ठरवलं, पोरीला सगळं नीट समजावून सांगायचं. आमच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं. गळ्यात इष्टलिंग बांधलं, हातात लाडू दिला, झालो पक्के लिंगायत, संपलं. पण आता दोन हजार दोन साल होतं आणि मी जागरूक पालक होतो (पालकसभेत एकदा आभार मानले होते मी).

"दीक्षा म्हणजे दुसरा जन्म," आठ वर्षांच्या लेकीला मी म्हणालो.

"मग आधीचा?"

"तो संपला."

"आणि आई, अप्पा?"

"आता गुरूच आई आणि गुरूच अप्पा!" माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या बाळाबाईंनी टीव्ही बंद केला. पोरगी उठून आत गेली. मला वाटलं, विषय डोक्यात शिरला.

दीक्षेच्या सकाळी स्वामीजी पाटावर बसले, निम्मं कोल्हापूर पाहुणे म्हणून जमलं, आणि शिवलीला गायब! गच्ची बघितली, मोरी बघितली, कॉटखाली वाकून बघितलं. शेवटी पाण्याचं पिंपही उघडून बघितलं. बायको शिवांजली रडायलाच लागली.

"काय सांगितलंस रं तिला?" आईनं, म्हणजे शांतव्वानं, मला विचारलं.

मी व्याख्यान थोडक्यात परत दिलं. तिनं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बाळाबाई ओरडल्या, "ओ राजशेखर! पोरगी आमच्या गोठ्यात हाय की!"

वैरणीमागं, नव्या परकर-पोलक्यात, शिवलीला मुसमुसत बसली होती. मी तिला उचलून छातीशी धरलं. (परकराला शेण होतं. आता माझ्या सिल्कच्या झब्ब्यालाही होतं. असू दे म्हटलं.) जीव भांड्यात पडला.

स्वामीजींनी तिला जवळ घेतलं. "बाळ, आईअप्पा तुझेच. घरही हेच. मी फक्त वाट दाखवणार."

"नक्की?"

"नक्की."

मग दीक्षा कशी झकास पार पडली! पोरगी डोळे मिटून, शहाण्यासारखी बसली.

पंगतीत स्वामीजींनी हसून विचारलं, "एवढी घाबरलीस कशाला गं?"

"अप्पा बदलणार म्हटल्यावर मी काय बोलले न्हाय," शिवलीला लाडू मोडत म्हणाली, "पण आईबी बदलणार म्हटल्यावर पळाले."

सगळी पंगत खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यानं शांतव्वा. म्हणजे माझी सख्खी आई.