पंख्याखाली न बसणारा माणूस

आमच्या सोसायटीतले दामूकाका कुणाकडे गेले की आधी बसत नाहीत, वर बघतात. पंखा बंद करायला लावतात, स्टूल मागतात, खिशातून पाना काढतात आणि पंख्याचा नट आवळतात. मगच चहा. नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी बोल्ट तपासण्यात गेली. "पडणारी वस्तू सांगून पडत नाही, बापू," हे त्यांचं पालुपद. माझ्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझ्या डोक्यामागे शिडीवर दोन पाय दिसतात. ते काकांचे. मांडव आवळत होते.

अशा माणसाला वेड कशाचं असावं? समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्यांचं. नाशिकला समुद्र नाही, पण काकांचं त्यावाचून अडत नाही. मिसळीच्या टेबलावर ते सुरू होतात.

"कोकणच्या समुद्रात खांब लावा. शेत जात नाही, धूर नाही, राख नाही. सूर्य बुडाला तरी वीज चालू. बंदरात कामं निघतील, बोटी लागतील, तिथल्या पोरांना गाव सोडायला नको. आणि बोल्ट आपल्या सातपूरचे."

"आणि कोळ्यांनी जाळी कुठं टाकायची?" मी खोचकपणे विचारायचो.

"त्यांना विचारून जागा ठरवायची. समुद्र आधी त्यांचा."

"काका, घरातला पंखा सोसत नाही आणि समुद्रात एवढाले पंखे?"

सगळे हसायचे. काका रश्श्यात पाव बुडवत राहायचे.

सुचलेला विनोद गिळायची ताकद देवानं मला दिलेली नाही. एका रविवारी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ आला. समुद्रात पवनचक्की जळतेय, काळा धूर. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'दामूकाकांचा पंखा पेटला.' हसऱ्या इमोजी पटापट आल्या. मी स्वतःवर खूश.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात काका. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात काकूंची.

"बापू, हे कुठलं? कधीचं?"

"कुणास ठाऊक. आलं, पुढं ढकललं."

ते आत आले आणि फिरत्या पंख्याच्या बरोबर खाली बसले. वर बघितलंसुद्धा नाही.

"मीनल फोन उचलत नाही."

मीनल त्यांची एकुलती एक मुलगी, परदेशात नोकरीला. "ऑफिसात असेल," मी म्हणालो.

"ऑफिस नाही रे. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढते ती. दुरुस्तीला. ते तुझ्या काकूला सांगितलेलं नाही, म्हणून इथं आलो."

ते फोन लावत होते, रिंग वाजून वाजून बंद होत होती. व्हिडिओ कुठला ते मी शोधत होतो, पण घामेजल्या बोटांनी अक्षरं धड उमटेनात. वर पंखा कुरकुरत होता. बंद करायला उठायचंही मला भय वाटत होतं.

शेवटी मोबाइल थरथरला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, किती फोन? मी खालीच आहे, बोटीवर. वारा फार आहे, आज कुणालाच वर सोडलं नाही."

"बरं," काका म्हणाले. "जेवलीस का?"

एवढंच. आगीचा शब्द नाही. फोन ठेवून त्यांनी सदऱ्यानं चष्मा पुसला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण काका, एवढी भीती वाटते, तर त्या खांबांचे गोडवे कशाला गाता?"

"आपल्याकडं लागले, तर तिला इथंच काम मिळेल. शनिवारी घरी येईल." "चढायची ती चढणारच, बापू. निदान वारा तरी ओळखीचा असेल."

मग त्यांची नजर वर गेली आणि ते खुर्चीसकट मागे सरकले. मी न सांगता पंखा बंद केला, स्टूल आणलं. काकांनी पाना काढला, पण स्टुलावर न चढता तो माझ्या हातात दिला. म्हणून मी चढलो.

"आवळ."

"आवळलं."

"आणखी अर्धा फेरा."

नट आधीच घट्ट होता, तसूभर हलत नव्हता. तरी मी पाना फिरवल्यासारखं करत राहिलो. खाली काकांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.