बिनविरोध

धाकटीनं विद्यापीठाजवळ खोली घेतली आणि त्याच संध्याकाळी तिच्या महिन्याभराच्या जेवणावर पाणी पडलं.

तिचा जमाखर्च तसा चोख बसवलेला होता. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या आत्यानं तीन पाकिटं करून दिली होती: खोली, पुस्तकं आणि पोट. "ह्यातलं त्यात घालायचं नाही. कापड एकदा चुकीचं कापलं की जोडून भागत नाही," असं तिनं निघताना बजावलं होतं. पण घरमालकीणबाईंनी भाडं मोजून घेतलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

"अनामत?"

"ती कशाला?"

"उद्या तू खिडकी फोडलीस म्हणजे?"

"मी नाही फोडणार."

"आजवर प्रत्येकीनं हेच सांगितलंय."

अशा रीतीनं पोटाचं पाकीट न फुटलेल्या खिडकीपायी मालकीणबाईंच्या कपाटात गेलं. शिष्यवृत्ती पुढच्या महिन्यात येणार होती. आत्याला सांगावं, तर ती एक मशीन विकायला काढणार आणि का विकतेय ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवणार. तेव्हा आत्याला काही कळवायचं नाही, हे तिनं पक्कं केलं.

वाट दाखवली ती सूचनाफलकानं. नव्या विद्यार्थ्यांना ओढण्यासाठी विद्यापीठातल्या प्रत्येक मंडळाची स्वागतसभा होती आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'अल्पोपाहार' हा शब्द होता. धाकटीला बुद्धिबळातला घोडा कसा चालतो ते ठाऊक नव्हतं. तरी ती बुद्धिबळ मंडळात गेली आणि केक खाऊन आली. पक्षीनिरीक्षण मंडळात उकडलेली अंडी होती. पक्षी बघायला आलेल्यांना अंडी देणं तिला जरा विचित्र वाटलं, पण तिनं तीन खाल्ली. वादविवाद मंडळात तोंडात बिस्किट असल्यामुळे ती गप्प राहिली, तर अध्यक्ष म्हणाला, "ऐकून घेणारं माणूस आपल्याकडे प्रथमच आलंय."

असे दिवस बरे चालले होते. मग एका सभागृहात सँडविचं दिसली म्हणून ती मागच्या दारानं शिरली. सभा कसली ते तिनं विचारलं नाही. व्यासपीठावर शेवटच्या वर्षाची एक ताई तळमळीनं बोलत होती. शेवटी ती म्हणाली, "मी तर आता चालले. मग पुढे कोण येणार?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. सँडविचांची बशी व्यासपीठाजवळच्या टेबलावर होती. एवढी सगळी भिडस्त मंडळी आहेत, तर आपणच आधी घ्यावं, असा विचार करून धाकटी उठली आणि पुढे गेली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईनं तिला मिठी मारली. कुणीतरी तिचा फोन नंबर टिपून घेतला. सँडविच घ्यायला एवढं कौतुक कशाचं, हे तिला समजेना. पण दोन हातांत दोन घेऊन ती बाहेर सटकली.

हळूहळू स्वागतसभा संपल्या. दीड दिवस नुसत्या पाण्यावर काढल्यावर मात्र धाकटीनं लाज गिळली आणि विद्यार्थी साहाय्य कक्षाचा दरवाजा ढकलला. तिथल्या बाई मायाळू होत्या. खिडकीची, पाकिटाची, पक्ष्यांची सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली.

"अगं, आधीच यायचंस ना. असं उपाशी हिंडायचं असतं का? कार्यालयाचे पैसे यायला आठवडा जाईल. पण मुलांचंच एक मदत मंडळ आहे, ते आजच्या आज बघतील. नवी अध्यक्ष बिनविरोध निवडून आलीय म्हणे. सगळे माना खाली घालून बसले होते, ही एकटी उठून पुढे आली. थांब, तिलाच फोन लावते."

त्यांनी आकडे दाबले. धाकटीच्या पिशवीत फोन वाजू लागला.

"घे तुझा फोन, मी थांबते," बाई सौजन्यानं म्हणाल्या.

धाकटीनं फोन काढला, बघितला आणि कानाला लावला. "हॅलो," ती म्हणाली. समोरून आणि फोनमधून एकदमच "हॅलो" आलं. बाईंनी आधी आपल्या फोनकडे बघितलं, मग धाकटीकडे.

"असू दे," बाई शेवटी म्हणाल्या. "आज संध्याकाळी सभा बोलाव. समितीसमोर सगळं सांग."

संध्याकाळी समितीचे सहाही सभासद वेळेच्या आधी हजर झाले. धाकटीला गहिवरून आलं. मग तिच्या लक्षात आलं, की तिच्या तोंडाकडे कुणीच बघत नाहीये. सगळ्यांचे डोळे रिकाम्या टेबलावर होते.

"अल्पोपाहार नंतर आहे का?" एका चष्मेवाल्यानं घसा खाकरून विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही कुणीतरी आणाल," धाकटी म्हणाली.

कुणाचं तरी पोट गुरगुरलं, त्याला दुसऱ्याच्या पोटानं उत्तर दिलं. मग चष्मेवाल्यानं आधी तोंड उघडलं: त्याची शिष्यवृत्ती अडकली होती. एका उंच मुलीनं सगळी पुस्तकं नवी घेतल्यानं तिचे पैसे संपले होते. एकानं तर सरळ सांगितलं, "मी त्या दिवशी सँडविच खायलाच आलो होतो. मला सभासद कधी केलं, मला माहीत नाही."

धाकटीनं कपाळाला हात लावला आणि मग ती हसायला लागली. कुणाकडे तांदूळ होते, कुणाकडे दोन बटाटे, उंच मुलीकडे तेलाची बाटली. सातही जण धाकटीच्या खोलीवर गेले. मोठं पातेलं मालकीणबाईंकडून मागून आणलं. भात रटरटू लागला, तशा मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय इथं?"

"मदत मंडळाची सभा," धाकटी म्हणाली.

बाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं, वास घेतला आणि पदर खोचून आत आल्या.

"सभासद व्हायला काय करावं लागतं?"

"काही नाही," धाकटीनं आठवं ताट मांडलं. "फक्त पुढे यायचं."