माझ्या मापाचं हेल्मेट

सुरक्षिततेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! लेक दीड वर्षाची आहे. आमच्या घरात टेबलाचे कोपरेसुद्धा स्पंजची टोपडी घालून बसतात.

अशा घरात नवऱ्याने जाहीर केलं, "रविवारी रेसट्रॅकवर नवशिक्यांचा दिवस आहे. आपलीच गाडी पळवायची!"

"कुठली? जिला चढावर धाप लागते ती?"

"फी भरून झाली! आता सूट-बूट काही परवडायचं नाही. हेल्मेट कपाटातलं चालेल."

कपाटातल्याचा पट्टा तुटलेला! माझ्या लेकीला बाप एकच आहे. तो सगळे भाग जागच्या जागी असलेला परत यायला हवा. आठवडाभर वाचून मी सार काढलं: पैसे बेताचे असतील तर आधी ब्रेक, मग डोकं, थाटमाट नंतर. माझ्या शिलकीतून गाडीला नवे ब्रेक बसवले आणि गुपचूप हेल्मेटच्या दुकानात गेले.

"डोकं आणलंय का?" दुकानदार.

"कोणाचं?"

"घालणाऱ्याचं!"

"त्याची टोपी मला चपखल बसते. माझ्याच डोक्यावर बघा."

"मग अंबाडा सोडा, ताई."

सोडला. हेल्मेट कसं अगदी गालाला गाल लावून बसलं!

रविवारी ट्रॅक पाहिला. केवढा तो रस्ता! खड्डा नाही, सिग्नल नाही, समोरून कोणी येत नाही. वळणावरून एक गाडी अशी गेली, की आवाज आधी पोटात शिरला, मग कानात. लेकीने आ वासला. मीही!

तपासनीसकाकांनी गाडी उघडली. "आत सुटं काही नको." खुळखुळा, छत्री, चावलेला रबरी हत्ती... सगळा संसार बाहेर आला. "आणि डॅशबोर्डवर हे काय?"

"कोपऱ्यांना स्पंज. टेबलाचा उरला होता."

"पंधरा वर्षांत असं पाहिलं नाही!" ब्रेक पाहून मात्र त्यांनी मान डोलावली. मी दोन इंच उंच झाले.

"हेल्मेट घाला."

नवऱ्याने घालायला घेतलं. ते कपाळाशी येऊन रुसलं.

"जातंय... जातंय..."

गेलं! गाल असे दाबले गेले, की तोंडातून नुसतं "फू फू" येऊ लागलं. लेक बापाला ओळखेना. तिने भोकाड पसरलं. काकांनी आणि मी मिळून ओढलं, तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला.

"माझी टोपी बसते ना तुला?" नवरा कान चोळत म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टोपी मी अंबाड्यावर घालते!

"पण ताई, विकत कशाला घेतलंत?" काका म्हणाले. "पहिल्या दिवसापुरतं त्या खिडकीत भाड्याने मिळतं. सगळ्या मापांचं."

धरणीमाता, पोटात घे!

"हे बसतं कोणाला?" काकांनी विचारलं.

"मला."

"मग बसा गाडीत. पहिले दोन फेरे शिक्षक चालवून दाखवतात. शेजारची सीट रिकामीच आहे."

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर लेक बापाच्या कडेवर गेली होती आणि माझा पट्टा आवळलेला होता. वळण आलं, मी डोळे मिटले... आणि उघडले. सगळं जग एका कुशीवर कललं होतं! माझ्या ब्रेकांनी ते अलगद सरळ केलं. आमच्या धापाळ गाडीच्या पोटात इतकी वर्षं हे दडलेलं होतं?

"हळू घेऊ का, ताई?"

"छे! जोरात!"

कोण ओरडलं म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

मग नवऱ्यानेही भाड्याच्या हेल्मेटात फेरे मारले आणि अख्खा परत आला. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव माझं आहे. सासूबाईंना मात्र हेल्मेट त्याचंच म्हणून सांगितलंय. मी हल्ली अंबाडा का घालत नाही, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही!