देवाशी बोलणं आहे ना?

शांतारामराव आमच्याकडे आले की चपला काढण्याआधी विचारत, "काय वहिनी, देवाशी बोलणं आहे ना?"

जसं काही माझं नि देवाचं नळावरून भांडण झालंय! इकडे तव्यावर पोळी करपतेय आणि यांना माझ्या आत्म्याची चौकशी! अस्सा संताप यायचा!

कलकत्त्यात बालीगंजला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर ते एकटे राहत. मूळचे पुण्याचे, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. रेल्वेच्या कचेरीतली नोकरी पोटापुरती; खरं काम एकच, माणसांचा देवाशी समेट घडवणं. "त्यानं हात कधीचाच पुढे केलाय हो! तुम्हीच पाठ फिरवून बसलाय!" हेसुद्धा तावातावानं. ट्रामच्या कंडक्टरशी कडाकडा भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला त्यालाच शोधत फिरायचे. तो सापडला नाही, की पुन्हा त्याच्यावरच चिडायचे.

सासूबाई गेल्या तेव्हा मामंजींनी देव्हाऱ्यातले देव ट्रंकेत घालून कुलूप लावलं. "जन्मभर पूजा केली तिनं, त्याचं हे फळ?" जेवेनात, कुणाशी बोलेनात. कळायचा अवकाश, शांतारामराव हजर!

"बाटवायला आलात?" मामंजी गरजले.

"बाटवायला नाही, भेटवायला!" हे त्याहून मोठ्यानं.

मामंजींनी त्यांना बाहेर काढलं. मला बरंच वाटलं. दुःखाच्या घरात ही काय रीत? तर दुसऱ्या दिवशी हा माणूस आमच्या जिन्यात बसलेला. तिसऱ्याही दिवशी.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"वाटते," म्हणाले, आणि बसूनच राहिले.

शेवटी मामंजीच तरातरा बाहेर गेले. देवाला जे जे सुनावायचं होतं, ते सगळं त्यांनी शांतारामरावांना सुनावलं. आणि शांतारामराव चक्क गप्प! मामंजी दमून पायरीवर टेकले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "हे मला कशाला? त्यालाच सांगा. आपल्या माणसाखेरीज कुणाचा एवढा राग येत नाही."

मामंजी ओक्साबोक्शी रडले. त्या दिवशी जेवले. ख्रिस्ती काही झाले नाहीत. पण पुढे देव ट्रंकेतून निघाले आणि सकाळी देव्हाऱ्यासमोर त्यांची पुटपुट ऐकू येऊ लागली. निम्मी तक्रारच असायची.

"भांडतायत ना? मग झालं!" शांतारामराव खूश.

एकदा मामंजींनीच मला वर चहा घेऊन पाठवलं. मी सहज विचारलं, "तुमचा समेट कुणी केला हो?"

"देवाशी? तो लगेच झाला. त्यानं मागचं काही उकरूनच काढलं नाही." मग कपाकडे बघत म्हणाले, "वडिलांशी राहिला. मी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी त्यांनी माझ्या नावानं आंघोळ केली. गेले तेव्हा खांदा द्यायला धावत गेलो. भावांनी हात लावू दिला नाही."

मला पुन्हा संताप आला. या खेपेला त्यांच्यावर नव्हता.

चहा निवून गेला होता. "दुसरा करून आणते," म्हणून मी उठले.

"राहू द्या हो चहा," ते म्हणाले. "जरा बसता का?"

मी बसले.