न्हावऱ्याचा समिंदर

दोन हजार बावीस साल. मी सत्तरीला टेकलो होतो. त्या साली फिटर आमच्या शेजारी राहायला आला आन् पहिल्याच दिवशी माझ्या घरात येऊन, बसायच्या आधी, माझी मोरी बघून आला.

पाहुणा आला की खुर्ची बघतो, भिंतीवरचे फोटो बघतो, फार तर चहा कुठवर आला ते बघतो. हा गडी उंबरा ओलांडून थेट मागं गेला. मोरीच्या जाळीत बॅटरी मारली, तांब्याभर पाणी ओतलं, ते कसं जातंय ते मान तिरकी करून बघितलं, आन् मग बाहेर येऊन म्हणाला, "आबा, घर झ्याक हाय. मोरीला उतार कमी हाय."

"तुला मोरीत ऱ्हायचंय का?" मी म्हणालो.

"घर कळतं ते मोरीवरनं. बाकी सगळा रंग असतोय. आधी मोरी, मग बाकी."

हे 'आधी मोरी' त्याच्या तोंडात कायम. भाच्यासाठी पोरगी बघायला गेला होता. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली तर मामा जागेवर न्हाई. पोरीच्या बापाला वाटलं, पाहुण्याचं पोट बिघडलं. त्यानं बिचाऱ्यानं घाईघाईनं पाण्याचा डबा भरून हातात दिला आन् लांब शेताकडं बोट दाखवलं. फिटर तो डबा घेऊन तसाच बैठकीत आला आन् सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मोरी फस्क्लास हाय. लगीन ठरवा." आन् ठरलं की! आता त्यांना दोन पोरं हायेत.

त्याचं नाव यशवंत, पण गाव त्याला फिटरच म्हणतं. सगळी नोकरी त्यानं रांजणगावच्या एका कारखान्यात पंप आन् पाइप जोडण्यात काढली. बायको नोकरीत असतानाच गेली. एक पोरगी, सुजाता, दौंडला दिली. रिटायर झाल्यावर शिरूरची भाड्याची खोली सोडून तो न्हावऱ्याला वडिलांच्या जागेत आला. पुढच्या खोलीत बाबासाहेब आन् बुद्धाची तसबीर, एक खाट, एक खुर्ची, आन् बाकी खोली मोकळी. मी विचारलं, "एवढी जागा कशाला?"

"समिंदर आणायचाय," तो म्हणाला.

मला वाटलं, कारखान्यातला वायू डोक्यात गेला.

आता माझं थोडं सांगायला लागंल, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. आम्ही मेंढरावाले. मी चार बुकं शिकलो ती पण मास्तर घरी बोलवायला यायचा म्हणून. बाकी जलम मेंढरांमागं. त्या साली गुडघे गेले आन् लेकानं कळप विकला. त्याचं चुकलं न्हाई. पण चाळीस-पन्नास वर्षं पहाटे उठून ज्याला पाण्यावर जनावरं न्यायची सवय, त्याच्या अंगणात एक शेरडू न्हाई, म्हंजी काय व्हतं ते ज्याचं त्याला ठावं. जाग यायची, उठायला कारण नसायचं. मग मी वाकळ डोक्यावर घेऊन पडायचो. सून चहा ठेवायची, तो गार व्हायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, आबा आता आराम करत्यात. आराम कसला, मी आतनं विझत चाललो होतो. पण कुणाला सांगायला जीभ वळली न्हाई. आपली तशी जात न्हाई.

तर फिटर. त्याच्या सायबाच्या केबिनमधी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातलं मासं होतं. एकदा त्या टाकीचा पंप बंद पडला तवा ह्याला बोलवलं. ह्यानं पंप दुरुस्त केला आन् तिथंच तासभर बघत बसला. तवापासनं डोक्यात किडा. आता रिटायर झाल्यावर त्यानं पुण्याहून मोठी टाकी आणायची ठरवली, पण पठ्ठ्यानं आधी काय बनवलं असंल? मोरी!

म्हंजी असं, वरच्या टाकीचं पाणी पाइपनं खाली दुसऱ्या टाकीत उतरतं. तिथं तीन खण. पहिल्यात कचरा कापडात अडकतो, दुसऱ्यात एक नळकांडं फेस करून घाण वर काढतं, तिसऱ्यात पंप बसतो आन् निवळ पाणी परत वर ढकलतो. ह्याला ते लोक सम्प म्हणत्यात. विकत मिळतो. पण फिटर विकतची मोरी घेईल व्हय?

दौंडला एक मिठाईचं दुकान बंद पडलं होतं. त्याचं काचेचं शोकेस फिटरनं उचललं, काचा सोडवल्या आन् गाडीवरनं आणायच्या म्हणून मला मागं बसवलं. मांडीवर उभ्या काचा, त्याला बुंदीचा वास. भीमेच्या पुलावर वारा आला आन् काचा शिडासारख्या भरल्या.

"आबा, काचा सोडू नका!"

"तू गाडी बघ! मी अख्खा कळप नेलाय ह्या पुलावरनं!"

"कळपात वारा भरत नव्हता!"

काचा घरी आल्या. माझे हात दोन दिवस वळलेलेच ऱ्हायले. त्यानं काचा घासल्या, सिलिकॉननं चिकटवल्या, आन् खालची टाकी तयार केली. वरची टाकी यायला अजून महिना होता. लोक बघायला यायचे आन् विचारायचे, "फिटर, समिंदर कुठाय?"

"मोरी वाळतीय," हा म्हणायचा.

मग टाकी आली, फिल्टरचं पाणी आलं, पोत्यातनं ते खास मीठ आलं, आन् पुण्याहून दगड आले. जिवंत दगड म्हणे. त्याच्यात बारीक जिवाणू ऱ्हात्यात, ते पाणी सांभाळत्यात. कितीतरी दिवस टाकीत नुसते दगड. चावडीवर हसून हसून माणसं लोळली. आमच्या अख्ख्या माळावर दगड पडलेत आन् हा पुण्याहून गाडीभाडं देऊन आणतोय.

पण मग हळूहळू मासं आलं, दगडावर फुलासारखे जीव उमलले, आन् हसणं बंद झालं. फिटरनं सगळ्यांना कारखान्यातली नावं ठेवली. नारंगी-पांढऱ्या पट्ट्याचा मासा दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई, तो सुपरवायझर. काच चाटणारी गोगलगाय हाऊसकीपिंग. आन् एक खेकडा, ज्याला सवताचं कवच नसतं, दुसऱ्याच्या रिकाम्या शिंपल्यात ऱ्हातो, मोठा झाला की दुसरा शिंपला शोधतो, त्याचं नाव कंत्राटी.

"ह्याला परमनंट कवा करणार?" मी विचारायचो.

"सायेब सुट्टीवर हाय," फिटर म्हणायचा.

पहिलं मासं टाकीत सोडलं त्याच आठवड्यात तो माझ्या खाटेपाशी आला. मी वाकळीतच होतो.

"आबा, एक अडचण हाय. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं ऱ्हातं. रोज सकाळी खालच्या टाकीत गोडं पाणी घालायला लागतं, खुणेपर्यंत. न्हाई घातलं तर पंप हवा ओढंल आन् वरचे सगळे मरतील. माझी पाठ धरलीय, बादली उचलत न्हाई. तुम्ही जलमभर मुकी जनावरं पाजली. एवढी पाजाल का?"

"मी कुणाच्या घरी पाणी भरत नसतो."

"भरायचं न्हाई. पाजायचं."

मी कूस बदलली. तो गेला न्हाई, उभाच. मग मी वाकळीतनंच विचारलं, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवसापासनं मी जाऊ लागलो. फिल्टरच्या पाण्याची बादली घ्यायची, खालच्या तिसऱ्या खणात हळू सोडायची, खुणेला पाणी आलं की थांबायचं. मग फिटर चहा करायचा आन् आम्ही दोघं सुपरवायझरची दादागिरी बघत बसायचो. एकदा मी त्याला गॅसची भरलेली टाकी खांद्यावर घेऊन जाताना बघितला. म्हणालो, "अरे, पाठ?"

"टाकी कोरडी असतीय आबा. पाण्याचं वजन येगळं."

मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

पुढच्या वर्षी नारळी पुनवेला मोठी गंमत झाली. गावातल्या बायांनी विचार केला, समिंदर आपल्या गावात आलाय तर कोकणात कशाला जायचं? ताटं, नारळ, हळद-कुंकू घेऊन फिटरच्या दारात रांग. फिटर दारात हात पसरून उभा. "बायांनो, हळद पाण्यात पडली तर सगळं मरंल! आन् माझ्या घरी देव न्हाई!"

"देव नसू दे, समिंदर हाय न्हवं?" आमच्या शेजारची हौसाबाई म्हणाली. ती ऐकणारातली न्हाई.

मग मी पुढं झालो, काठी आडवी धरली. म्हणालो, "ह्या समिंदराला पाणी मी पाजतो. ह्यो माझा कळप. नारळ फोडायचा तर उंबऱ्याभाईर फोडा, खोबरं वाटा, आन् काचेला हात न लावता बघून जा." बाया गपगुमान एकेक आत आल्या, लांबनं हात जोडले, कंत्राटीला बघून हसल्या, गेल्या. खोबऱ्याचा ढीग साठला. फिटर म्हणाला, "आबा, तुम्ही नसता तर आज मेलं असतं सगळं." त्या दिवशी मला जेवण दुप्पट गेलं.

आता ह्या औंदाच्या हिवाळ्याचं सांगतो. फिटरला मोतीबिंदूच्या आपरेशनला दौंडला जायला लागलं, पोरीकडं. किल्ली माझ्या हातात दिली. "आबा, सगळं तुमच्यावर," म्हणाला. मी रोज जायचो, पाजायचो, घरी यायचो. आन् एक दिवस सकाळी उठलो तर उजवा गुडघा कलिंगडासारखा सुजलेला. पाय टेकंना. लेक दिवसपाळीवर गेलेला, सून माहेरी. बादली उचलणं तर लांबच.

माझ्या डोळ्यापुढं पंप हवा ओढायला लागला. सुपरवायझर उताणा पडलेला दिसला. आपला कळप तहानलेला ठेवून मी कधी भाकर खाल्ली न्हाई. मी दौंडला सुजाताला फोन लावला. म्हणालो, "पोरी, बापाला सांगू नको, त्याच्या डोळ्याला ताण नको. पण माझ्याच्यानं आज बादली व्हत न्हाई."

"अहो आबा, मग बादली कशाला?" ती म्हणाली. "बॉलकॉक हाय की. वर पाण्याचा ड्रम हाय, पाणी खाली गेलं की कॉक आपोआप उघडतो. बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर बसवला. टाकीच्या मागं बघा."

मी काठी टेकत, भिंत धरत गेलो. टाकीच्या मागं वाकून बघितलं. होता. पितळी, नीट बसवलेला, फिटरच्या हाताचा. ड्रम भरलेला, पाइप जोडलेली. आन् तो कॉक उघडू नये म्हणून त्याचा दांडा तांब्याच्या तारेनं वर बांधून ठेवलेला. तारेला इतक्या दिवसांची धूळ.

मी तार सोडली. खळखळ करत पाणी खुणेपर्यंत आलं आन् आपोआप थांबलं. माझी काही गरजच न्हवती, पहिल्या दिवसापासनं. मी त्याच्या खुर्चीत बसलो. सुपरवायझर काचेपाशी येऊन बघत होता.

मला राग यायला पाहिजे होता, मी तापट माणूस हाय. आला न्हाई. वाकळीतनं मला कुणी हात धरून उठवलं असतं तर मी तो हात झटकला असता, हे त्या मोरीवाल्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लेकाला कळलं न्हाई, डॉक्टरला कळलं न्हाई. फिटरला दौंडला फोन करून काही म्हणावं असं मनात आलं. फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज तशीच होती. मी येळेवर गेलो. कॉकचा दांडा वर केला, तीच तार घट्ट पिळून परत बांधली, आन् बादली उचलत न्हवती म्हणून तांब्या-तांब्यानं पाणी पाजलं.