काट्यावरचे सर्जेराव आण्णा

लोणंदच्या मार्केट यार्डाजवळ वळणावर एक वजनकाटा आहे. कांद्याचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, भंगाराचे टेम्पो दिवसभर त्याच्यावर चढतात आणि उतरतात. पण रोज सकाळी पावणेसातला, पहिली गाडी यायच्या आधी, त्या साठ टनी काट्यावर एकटेच चढतात ते सर्जेराव आण्णा.

चपला बाजूला काढायच्या, टोपी चपलांवर ठेवायची आणि त्या लांबलचक लोखंडी फळीच्या बरोबर मधोमध जाऊन उभं राहायचं. केबिनच्या खिडकीवर तांबडे आकडे दाखवणारी पाटी आहे, तिच्याकडे डोळे लावायचे. पाटी थोडा वेळ विचार करते आणि सांगते, १२०. आण्णा मान हलवतात आणि म्हणतात, "जागंवर हाय."

हा काटा दहा किलोंच्या खाली बोलत नाही. एकशे सोळा काय आणि एकशे चोवीस काय, त्याच्या लेखी सगळे एकशे वीसच. त्यामुळे आण्णांचं वजन गेली अकरा वर्षं तसूभर हललेलं नाही. दिवाळी गेली, यात्रा झाल्या, पुतण्यांची लग्नं झाली, आण्णा एकशे वीस. एकदा त्यांना कावीळ झाली होती, तेव्हाही एकशे वीस. "मी थिर मानूस हाय, मास्तर," असं ते मला अभिमानाने सांगतात.

मी त्यांचा शेजारी, इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला की मला घड्याळ बघावं लागत नाही. सकाळी आम्ही दोघं फिरायला निघतो. फिरणं म्हणजे घरापासून काट्यापर्यंत. आण्णा तिथेच काटेवाले म्हणून नोकरीला, त्यामुळे त्यांचं फिरणं तिथेच संपतं. त्यांचं वजन झालं की केबिनमध्ये जाऊन पावतीचं बटण दाबायचं काम माझ्याकडे असतं. यंत्र विचारतं, गाडी नंबर? मी लिहितो, 'पायी'. यंत्र विचारतं, माल? त्याच्याकडे कांदा, ऊस, वाळू, भंगार आणि इतर एवढेच पर्याय आहेत. मी 'इतर' निवडतो. एकदा चुकून 'भंगार' दाबलं गेलं, तर आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आण्णांचं खाणं हा लोणंदमध्ये बोलण्याचा विषय आहे. लग्नात ते पहिल्या पंगतीला बसत नाहीत, कारण मग लोक खोळंबतात. ते शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर बसतात. "गाडी भरल्याबिगर सुटत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाढपी दमून खाली बसला की मगच गाडी सुटते. पण एवढं सगळं खाणारा हा माणूस केळं खात नाही. शिकरण वाढली तर वाटी उचलून शेजाऱ्यासमोर ठेवतो. केबिनमध्ये मात्र केळ्यांचा घड कायम टांगलेला असतो. काट्यावर आलेला ड्रायव्हर जरा हडकुळा दिसला की आण्णा खिडकीतून हात बाहेर काढतात. "ह्ये खा रं. गाडी भरलीयास, सोताला कवा भरनार?" असं म्हणून दोन केळी हातात दिल्याशिवाय त्याला पावती मिळत नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "मला त्याचा वास आवडत न्हाई." वास आवडत नाही आणि दिवसभर घडाखाली बसतात.

गेल्या वर्षी आण्णांचे गुडघे बोलायला लागले. काट्याच्या चढावर कुरकुर अशी की मला वाटायचं लोखंडच वाजतंय. शेवटी मी आणि शालनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना घेऊन साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी फोटो बघितले, गुडघे वाकवले आणि कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट करून म्हणाल्या, "उभे राहा जरा."

आण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशातून सकाळच्या पावतीची घडी काढली आणि टेबलावर ठेवली.

बाईंनी वाचलं. गाडी नंबर, पायी. माल, इतर. भरलेल्या गाडीचं वजन, एकशे वीस किलो. त्यांनी कागद उलटून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "यात रिकाम्या गाडीचं वजन कोरं आहे."

"गाडी रिकामी कवाच झाली न्हाई, बाई," आण्णा म्हणाले.

बाई हसल्या, पण काट्यावर या म्हणायचं सोडलं नाही. आण्णांनी आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग चक्कर येते म्हणाले, मग उठून सरळ बाहेर बाकावर जाऊन बसले. बाईंनी वहिनींना सांगितलं, "दहा किलो तरी उतरवा. दोन महिन्यांनी पुन्हा आणा. आणि त्या ट्रकच्या काट्याचा नाद सोडायला सांगा."

तिथून पुढे आण्णांच्या घरात जे सुरू झालं ते भिंतीपलीकडून मी रोज ऐकत होतो. पुण्याच्या सुनेने वहिनींच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात भात बंद. दुसऱ्या आठवड्यात एक बाई म्हणाली भातानं काही होत नाही, भाकरी बंद करा. तिसऱ्या आठवड्यात एका दाढीवाल्याने सांगितलं की दोन्ही खा, पण उभ्याने. आण्णा तीन दिवस फडताळाला टेकून जेवले. मग दुधी भोपळ्याचा रस आला. आण्णांनी तो एका घोटात संपवला आणि विचारलं, "ह्ये झालं. आता न्हारी काय?"

मग कुणीतरी त्यांना यार्डासमोर नव्याने उघडलेल्या आरोग्य केंद्रात नेलं. मीही गेलो, गंमत म्हणून. भिंतीवर जोडीजोडीने फोटो लावलेले, आधी आणि नंतर. आण्णा प्रत्येक जोडीसमोर थांबले आणि माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, आधीचा मानूस जास्त खुशीत दिसतोय."

तिथल्या टी-शर्टवाल्या सरांनी आण्णांच्या दोन्ही हातांत एक यंत्र दिलं. यंत्र टुकटुकलं. सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काका, तुमचं वय सत्तावन्न. पण तुमच्या शरीराचं वय ब्याऐंशी आहे."

आण्णांचा चेहरा उजळला. "ह्ये लिहून द्या की. येष्टी फुकट व्हईल मला."

तरीही आण्णा तिथे पंधरा दिवस गेले. सकाळी पेलाभर फेसाळ पेय प्यायचं आणि मग गोल करून उभं राहायचं. ज्याचं वजन उतरलं त्याला टाळ्या. ज्याचं वाढलं त्याने पुढे येऊन काय खाल्लं ते कबूल करायचं. आण्णांना विचारलं की ते एवढंच म्हणत, "जागंवर हाय," आणि स्वतःच टाळ्या वाजवत.

एके दिवशी एका अंगणवाडीच्या ताईंचं वजन अर्धा किलो वाढलं. त्या पुढे आल्या. माहेरी बारसं होतं, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, एवढं बोलल्या आणि त्यांना रडू आलं. सर म्हणाले, "ताई, रडून चरबी जात नाही." दोघंतिघं हसली.

आण्णांनी हातातला पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "ओ सर, बाईला खुर्ची द्या आदी," ते म्हणाले. "मी हितं समोर काट्यावर बसतोय. मला वजनातलं कळतंय. गाडी आली की तिला काट्यावर घेत्यात. मानूस आला की त्याला बस म्हनत्यात." मग ताईंकडे वळून विचारलं, "पोळ्या चांगल्या झाल्त्या का?" ताईंनी डोळे पुसत मान हलवली. "मग झालं तर," म्हणून आण्णा बाहेर पडले, ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

व्हिडिओ थकले, केंद्र सुटलं. राहिलं एकच, चालणं. गुडघ्यासाठी बाईंनी सांगितलं होतं म्हणून आम्ही काट्याच्या पुढे जायला लागलो. आधी पालखी तळापर्यंत, मग रेल्वे फाटकापर्यंत. फाटक बंद असलं की आण्णा खूश, कारण टेकून उभं राहता येई. मालगाडीचे डबे मोजत आम्ही गप्पा मारायचो आणि परत येईपर्यंत न्याहारीची पहिली भूक बोलण्यातच जिरलेली असायची. हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका सकाळी आण्णा काट्यावर उभे राहिले. पाटीने थोडा वेळ विचार केला आणि दाखवलं, ११०.

मी केबिनमधून ओरडलोच. "आण्णा, दहा किलो! एका रात्रीत!" खरं तर शंभर-दोनशे ग्रॅमच उतरले असतील, पण काट्याने उडी मारली होती. मी बटण दाबून पावती घेऊन धावत बाहेर आलो, तर आण्णा फळीवर खाली बसले होते. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं चक्करच आली.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. मी शेजारी बसलो. पाटीवर आकडा बदलून १८० झाला.

"मी मिल्ट्रीच्या भरतीला गेल्तो. म्हाईत हाय तुमाला?"

मला एवढंच माहीत होतं की आण्णांच्या घरी भिंतीवर दोन भाऊ आणि एक चुलता वर्दीत आहेत आणि आण्णांचा फोटो लग्नातला आहे. "वय बसलं नाही ना तुमचं? घरचे तसंच म्हणतात," मी म्हणालो.

"वय बसत हुतं. वजन बसलं न्हाई."

मागे कांद्याचा ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. आण्णांनी मागे न बघता हात वर केला.

"पळालो तर पयला आलो. छाती भरली. काट्याच्या आदी दोन डझन केळी खाल्ली, वर तांब्याभर पानी प्यालो. पोट ह्ये असं झाल्तं. तरी तीन किलो कमी." त्यांनी पाटीकडे बघितलं. "हवालदार बिचारा चांगला हुता. पाठीवर हात ठिवला आन म्हनला, जाओ बेटा, खा-पी के आना."

"मग?"

"मग काय? तवापास्नं खातोय की."

हॉर्न चालूच होता.

"दुसऱ्या खेपंला गेटापतूर गेलो. वजन झाल्तं, घरी तराजूत बसून बघितलं हुतं. पर आत त्यो काटा दिसला आन पाय फिरलं. घरी सांगितलं, वय बसंना. त्या दिवसापास्नं मानसांच्या काट्यावर चढलो न्हाई." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "आज आकडा खाली आला आन तिथंच बसलो बगा. वाटलं, आता कुनीतरी म्हननार, जा घरी."

ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आला. आम्हा दोघांना काट्यावर मांडी घालून बसलेलं बघून तो परत जाऊन गाडीत बसला.

दोन महिने झाले तसे आम्ही साताऱ्याला गेलो. या वेळी आण्णांनी पावती आणली नव्हती. बाईंनी बोट केलं आणि आण्णा उठले. कोपऱ्यातल्या त्या एवढ्याशा काट्यावर ते टाचा जुळवून, छाती काढून उभे राहिले. वहिनी त्यांची टोपी आणि चपला हातात धरून शेजारी. "श्वास सोडा, आण्णा," बाई म्हणाल्या. आकडा एकशे तेरा आला. बाईंनी गुडघे वाकवून बघितले, चालायला लावलं आणि म्हणाल्या, "आकड्याचं राहू द्या. चाल सुधारलीय. ऑपरेशनचं पुढे बघू, फिरणं सोडू नका."

बाहेर आल्यावर आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. पुरीभाजी आली. ताटाकडे बघत आण्णांनी बायकोला भरतीची सगळी गोष्ट सांगितली, केळ्यांसकट, वय बसलं नाही या थापेसकट. लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदाच.

वहिनींनी पदराने टेबल पुसलं. "म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या.

"तुला कुनी सांगितलं?"

"आत्तींनी. नवी नवरी हुते तवा. म्हनल्या, माझं लेकरू उपाशी हाय म्हनून परत लावलं हुतं. त्येच्या ताटाला तू कवा बास म्हनू नगंस." वहिनींनी आण्णांच्या ताटाकडे बघितलं. "म्या कवा बास न्हाई म्हनलं. डॉक्टर वरडल्या, सून वरडली, भात बी बंद केला, तरी बास न्हाई म्हनलं."

आण्णांच्या ताटात दोन पुऱ्या उरल्या होत्या, चांगल्या फुगलेल्या. त्यांनी ताट उचललं आणि वहिनींसमोर सरकवलं.

"बास झालं, शालन," ते म्हणाले. "तू खा आता."