पूर्वजांच्या पानात काय होतं?

एका जंगलात, मुलांनो, चूल होती.

जंगलात चूल कशी, असं विचारू नका. तुमच्या त्या पडद्यावर उंदीर विमान चालवतो, तेव्हा बरे गप्प बसता!

तर चूल होती सोनाकाकू नावाच्या अस्वलिणीची. काकूंची खानावळ होती. बेत रोजचा एकच. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचलेला कांदा आणि वाटीभर ताक. ज्वारी कुठून यायची? यायची. गोष्ट ऐकायची असेल तर ज्वारीवर विश्वास ठेवा, नाहीतर उठा आणि पाढे म्हणा.

पंगतीला सगळं जंगल यायचं. ससे, हरणं, माकडं, रानडुकरं. आणि दादासाहेब नावाचा एक वाघही यायचा.

खानावळीची रीत अशी होती की पहिलं पान वाघाचं, म्हणजे आता दादासाहेबांचं. ते एकटेच जेवायचे. बाकीचे झाडांमागे उभे राहायचे. दादासाहेबांनी मोठा ढेकर दिला, की मग पंगत बसायची. ही रीत काकूंच्या सासूने घालून दिली होती. का घालून दिली, ते काकूंखेरीज आता कुणाला आठवत नव्हतं. पण तुम्ही काही कुक्कुली बाळं नाही, म्हणून सांगते. भरल्या पोटी वाघ फार सज्जन असतो.

या खानावळीत हेरंब नावाचा एक ससा वाढला. आईवेगळं पोर. काकूंनी त्याला चुलीपाशी बसवून, पिठल्याची खरवड भरवून मोठा केला. मोठा झाल्यावर तो गावाकडे गेला. परत आला तेव्हा त्याचं पोट सपाट झालं होतं आणि तोंड सुरू झालं होतं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं आम्हाला विष घातलंत."

काकूंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "अरे मेल्या! विष खाऊन एवढा टुणटुणीत झालास?"

"धान्य विष, डाळ विष, दूध विष. आपले पूर्वज यातलं काहीच खात नव्हते. पूर्वज जे खायचे तेच आपण खायचं. याला म्हणतात आदिम आहार. साधा आणि पोटभर."

जंगलाला हे फार आवडलं. एक तर नाव भारदस्त होतं. दुसरं म्हणजे, ज्याला त्याला आपले पूर्वज आपल्यापेक्षा बरे होते असं वाटतच असतं.

हेरंबने वडाखाली वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी पाककृती दाखवली.

"एक सुरण घ्या. निखाऱ्यात टाका. काढा. खा."

"फोडणी?" एका माकडिणीने विचारलं.

हेरंबने डोळे मिटून घेतले. त्याला यातना झाल्या असाव्यात.

"निदान मीठ?"

"पूर्वजांकडे मिठाची बरणी होती का?"

सगळ्यांनी अर्धं कच्चं सुरण खाल्लं. सगळ्यांचा घसा खाजू लागला. हेरंब म्हणाला, "ही खाज म्हणजे आतलं विष बाहेर पडतंय." मग ज्याला जास्त खाज तो जास्त शुद्ध, असं ठरलं. केतकी नावाच्या हरणीचा घसा इतका खाजला की तिला बोलताच येईना. हेरंबने तिला आपली पट्टशिष्या केलं.

जंगलात तात्या नावाचं एक फार म्हातारं कासव होतं. ते स्वतःच जवळजवळ पूर्वज होतं. कुणीतरी त्याला विचारायला गेलं.

"आम्ही मिळेल ते खायचो," तात्या म्हणाले. "बहुधा मिळायचं नाही."

"तुमचा या विषयाचा काही अभ्यास?" एका माकडाने विचारलं.

तात्यांनी मान आत घेतली. त्यांना पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

इकडे खानावळ ओस पडली. एकटे दादासाहेब तेवढे रोज येत, पिठलं-भाकरी चापत, ढेकर देत आणि झोपायला जात. आणि हेच हेरंबच्या डोळ्यांत खुपू लागलं. वाघ भाकरी खातो म्हणजे काय? वाघ एकदा आपल्या बाजूला आला की नदीपलीकडचं जंगलही येईल. आपलं नाव होईल. हेरंबला नावाची फार भूक. तिच्यावर त्याने कधीही पथ्य पाळलं नाही.

त्याने दादासाहेबांना गाठलं. "टेकडी चढताना धाप लागते ना?"

"लागते खरी," दादासाहेब म्हणाले. ते स्वभावाने गरीब होते. "आणि झोपही फार येते."

"ही सगळी भाकरीची करणी. उद्या वर्गाला या. उपाशी पोटी या बरं का."

हे काकूंच्या कानावर गेलं, तशा त्या पदराला हात पुसत धावतच आल्या.

"हेरंबा, माझ्या राजा, सगळ्या जंगलाला सुरण घाल. पण दादासाहेबांच्या भाकरीला हात लावू नकोस."

"का?"

"सासूबाई सांगायच्या. रीत घालण्याआधी पंगतीला जेवढे यायचे, तेवढे परत जायचे नाहीत." काकूंनी त्याचा हात धरला. "मला भीती वाटते रे. तुला मी या हातांनी भरवलंय."

हेरंब हसला. "काकू, धंदा बसला की असं सुचतं. तुमची अडचण समजते मला."

काकूंना ते फार लागलं. त्या परत गेल्या आणि एकट्याच रडल्या.

दुसऱ्या दिवशी वडाखाली ही गर्दी! दादासाहेब पुढे येऊन बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच. सवय नसल्यामुळे त्यांना सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसत होतं. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावर भाकऱ्यांची टोपली आणली होती, न जाणो.

हेरंबने व्याख्यान दिलं. टाळ्या पडल्या. मग दादासाहेबांनी पंजा वर केला.

"एक शंका. सशाच्या पूर्वजांचं कळलं, माकडांच्या पूर्वजांचं कळलं. माझे पूर्वज काय खात होते?"

हेरंबने तोंड उघडलं. त्याने दादासाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या दातांकडे पाहिलं. इतकी वर्षं समोर असून दात त्याने आज पहिल्यांदा पाहिले. आणि त्याला सगळं, अगदी सगळं समजलं.

"भाकरी!" तो ओरडला. "तुमचे पूर्वज भाकरीच खात होते, दादासाहेब! वाघांचं तसंच असतं! काकू, आणा, आणा ती टोपली!"

काकू गर्दीतून वाट काढू लागल्या. सगळं इथेच निभावलं असतं, मुलांनो. पण केतकी उभी राहिली. तिचा घसा नेमका त्याच दिवशी बरा झाला होता.

"सर, भाकरी आदिम नाही. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

"केतकी, खाली बस."

"बसणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. वाघ दिसला म्हणून तत्त्व सोडायचं?"

"बरोबर आहे!" माकडं ओरडली. "सर घाबरले! सर विकले गेले!" रानडुकरांनी काकूंची वाट अडवली. टोपली पालथी झाली आणि भाकऱ्या पायांखाली गेल्या.

"अगं बये, तोंड आवर!" काकू किंचाळल्या.

केतकीने तोंड आवरलं नाही. ती ताठ मानेने म्हणाली, "दादासाहेब, तुमचे पूर्वज आम्हाला खात होते."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मग पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मग मधल्या रांगेतल्या. मागच्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले.

"अस्सं," दादासाहेब म्हणाले. "साधं असतं का?"

"अगदी साधं," केतकी म्हणाली. तिला आता थांबता येत नव्हतं. "फोडणी नाही, मीठ नाही. भांडीसुद्धा लागत नाहीत."

"पोट भरतं?"

"भरतं. नंतर बराच वेळ भूक लागत नाही."

"मग किती घ्यावं?"

"सुरुवातीला थोडंच घ्यावं. एकदम जड नको."

सगळ्यांनी हेरंबकडे पाहिलं. दादासाहेबांच्या समोर उभ्या असलेल्यांत सगळ्यांत लहान तोच होता.

पुढचं मी सांगणार नाही. तुमची जेवणं व्हायची आहेत अजून.

त्या दिवसानंतर दादासाहेबांचं पोट उतरलं. टेकडी ते धावत चढू लागले. पिठल्याचा वाससुद्धा आता त्यांना सोसत नाही. सारखी झोप येते ही तक्रारही गेली. उलट हल्ली जंगलात इतर कुणालाच झोप येत नाही.

वर्ग बंद पडला नाही. केतकी तो नदीच्या पलीकडून चालवते. हेरंब सरांचा तिथे एक पुतळाही उभारला आहे. "सर शेवटी डगमगले," ती दर वेळी सांगते, "पण आहारात त्यांचं योगदान नाकारता येणार नाही." सगळे माना डोलावतात. मग मागे वळून बघतात, पटापट सुरण खातात आणि पळतात.

सोनाकाकू अजून रोज चूल पेटवतात. पहिलं पान मांडतात. आता त्या पानाशी कुणीच येत नाही, तरी त्या वाट बघत बसतात. आणि खरवड काढायची वेळ झाली की हात थांबतो, डोळ्यांना पदर लागतो.

तात्पर्य: आपले पूर्वज काय खात होते, याची चौकशी जरूर करावी. आपल्या पूर्वजांना कोण खात होतं, हे मात्र विचारू नये. जेवणाची मजा जाते.